अपंगांचें वेतन आणि घरबसल्या विक्री

आमच्या वाचक-कुटुंबांपैकीं फार थोडीं अशीं असतील कीं, ज्यांचा मुलगा, मुलगी, भाचा किंवा पुतणी आज अमेरिकेंत नाहीं. तिकडील सुबत्तेच्या गोष्टी आपण नेहमीं ऐकतों. परंतु परदेशीं थाटलेल्या संसारांतहि दुखणीं असतात, अपंग मुलें असतात, आणि ‘आमच्या पश्चात् या लेंकराचें कसें होईल’ ही चिंता तेथील आईबापांचीहि झोंप उडवीत असते. या चिंतेचा एक अगदीं व्यावहारिक भाग आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

प्रसंग असा घडला. पुण्याच्या आमच्या एका वृद्ध वाचकांचें पत्र आम्हांस आलें. त्यांची कन्या बरींच वर्षें न्यू जर्सी संस्थानांत राहते. तिची मुलगी, म्हणजे या गृहस्थांची नात, तिकडेच जन्मली असून तिला आतां सव्विसावें वर्ष चालूं आहे. जन्मतःच पाठीच्या कण्यांत दोष असल्यामुळें तिला चाकाच्या खुर्चींतून वावरावें लागतें; वरचेवर इस्पितळाची वारी चुकत नाहीं, आणि म्हणून बाहेरची नोकरी तिला कधींच झेपली नाहीं. हातांत मात्र कला आहे. मण्यांचीं तोरणें, गौरींचे दागिने, क्रोशाचे रुमाल अशा वस्तु ती फार सुबक करते. २०२५ सालीं तिनें एट्सी या इंटरनेटवरील पेठेंत स्वतःचें लहानसें दुकान थाटलें. गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत तिकडील महाराष्ट्रीय घरांतून इतकी मागणी आली कीं, तिच्या आईला रात्रीं जागून पुडकीं बांधावीं लागलीं.

वर्ष संपलें आणि जानेवारींत त्या पेठेच्या चालकांकडून एक कागद आला. ‘वर्षाची एकूण रक्कम ९,६०० डॉलर’ असें त्यावर छापलेलें होतें, आणि त्याची एक प्रत करखात्याकडे गेली होती. वडील घाबरून गेले. मुलीला सरकारकडून दरमहा निर्वाहाची रक्कम मिळते, आणि तिच्याच आधारानें मेडिकेड नांवाची औषधोपचाराची सोय मिळते. ती सोय गेली, तर एकाच शस्त्रक्रियेंत घरची सारी शिल्लक संपून जाईल. शिवाय विक्रीची वर्दी आजवर कोणीं दिलीच नव्हती. “दुकान आजच बंद कर,” असें त्यांनीं मुलीस बजावलें. मुलीनें फोनवरून पुण्यास विचारलें, “आजोबा, मी चार पैसे मिळवले म्हणून मला शिक्षा कां?” आजोबांना उत्तर सुचेना; त्यांनीं तो प्रश्न आमच्याकडे पाठविला.

आम्हीं या विषयाचे नियम शक्य तितके बारकाईनें पाहिले. त्यांतून जें निष्पन्न झालें तें या एका मुलीपुरतेंच नसल्यामुळें येथें विस्तारानें देत आहों. घरबसल्या विक्री हा आज अपंग माणसास सांपडलेला सर्वांत सोयीचा उद्योग आहे. त्यास पायऱ्या चढाव्या लागत नाहींत, दुखण्याच्या दिवशीं दुकान मिटून ठेवतां येतें, आणि गिऱ्हाइकास चाकाची खुर्ची दिसत नाहीं. असा उद्योग केवळ अज्ञानापोटीं बंद पडावा, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाहीं.

दोन निरनिराळीं वेतनें

पहिली गोष्ट ही कीं, अमेरिकेंत अपंगांस मिळणारें सरकारी साहाय्य एकच नसून दोन प्रकारचें आहे, आणि दोहोंचे नियम अगदीं भिन्न आहेत. शेजाऱ्याचा अनुभव ऐकून आपला निर्णय करणारीं माणसें येथेंच फसतात.

पहिला प्रकार विम्याचा. ज्यानें पूर्वीं नोकरी अगर धंदा करून सोशल सिक्युरिटीचा कर भरला आहे, त्यास अपंगत्व आल्यावर त्या कराच्या हक्कानें दरमहा वेतन मिळतें. १९५६ सालीं अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीनें हा कायदा झाला. तिकडे यास एसएसडीआय म्हणतात. आम्ही यास विमा-वेतन म्हणूं. हें घेणाऱ्याची शिल्लक किती, पत्नीचें उत्पन्न किती, याची चौकशी होत नाहीं. प्रश्न एवढाच असतो कीं, हा मनुष्य आतां स्वतःच्या श्रमानें पुरेशी कमाई करूं शकतो कीं काय.

दुसरा प्रकार गरजेचा. ज्याच्याजवळ उत्पन्नहि नाहीं आणि पुंजीहि नाहीं, अशा वृद्ध, अंध व अपंग माणसांसाठीं १९७२ सालीं कायदा होऊन जानेवारी १९७४ पासून हें साहाय्य सुरू झालें. यास एसएसआय असें नांव आहे. आम्ही यास निर्वाह-वेतन म्हणूं. येथें पूर्वीं कर भरलेला असण्याची अट नाहीं, पण दर डॉलराचा हिशेब द्यावा लागतो. १९९६ सालच्या कायद्यापासून तेथील नागरिक नसलेल्या बहुतेक लोकांस याचा लाभ मिळत नाहीं, हेंहि मुलांकडे राहावयास जाणाऱ्या आईबापांनीं ध्यानांत ठेवावें. आमच्या पत्रलेखकांची नात तिकडेच जन्मलेली नागरिक असल्यामुळें तिला हें वेतन मिळतें. अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर आईबापांचें उत्पन्न मुलीच्या नांवें धरलें जात नाहीं. ती घरभाड्यांतील आपला वाटा आईकडे नियमानें देते. तसें नसतें, तर फुकट मिळणाऱ्या निवाऱ्याबद्दल वेतनांतून कांहीं रक्कम कापली गेली असती.

विक्री म्हणजे कमाई नव्हे

आतां त्या ९,६०० डॉलरांचें पाहूं. त्या कागदास तिकडे १०९९-के म्हणतात. त्यावर असतो तो गिऱ्हाइकांनीं दिलेल्या पैशाचा एकूण आंकडा. त्यांतून पेठेच्या चालकांनीं आपलें शुल्क कापून घेतलेलें असतें, टपालाचा खर्च गेलेला असतो, परत आलेल्या वस्तूंचे पैसे फिरविलेले असतात. परंतु कागदावर यांपैकीं कांहींच वजा केलेलें नसतें. वडिलांनीं हा आंकडा मुलीची कमाई समजून हिशेब केला, आणि घाबरण्याचें मूळ तेथेंच आहे.

हा कागद कोणास पाठवावा याचे नियमहि मध्यंतरीं वरचेवर बदलले. पूर्वीं वर्षांत २०,००० डॉलरांहून अधिक रक्कम आणि २०० हून अधिक व्यवहार झाल्यासच तो निघत असे. २०२१ च्या कायद्यानें ही मर्यादा ६०० डॉलरांवर आणण्याचें ठरलें, पण अंमल वर्षानुवर्षें लांबणीवर पडला. आणि २०२५ च्या कायद्यानें जुनीच मर्यादा पुनः आणली. कांहीं संस्थानांची स्वतःची मर्यादा मात्र बरीच लहान आहे. न्यू जर्सींत ती १,००० डॉलर आहे. पण या साऱ्याचा वेतनाशीं संबंध थोडा. कागद आला म्हणून वेतन जात नाहीं, आणि कागद आला नाहीं म्हणून कमाई कळविण्याचें कर्तव्य टळत नाहीं. सोशल सिक्युरिटीचें कार्यालय पाहतें तें निव्वळ नफ्याकडे.

या मुलीनें वर्षभराच्या पावत्या एका बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेविल्या होत्या, हें तिचें भाग्य. मणी, जर, दोरा व लोकर यांचा खर्च, पेठेचें शुल्क, खोकीं आणि टपाल मिळून ४,८०० डॉलर निघाले. तेव्हां नफा राहिला ४,८०० डॉलर. स्वतंत्र धंदा करणाराच्या नफ्यापैकीं शेंकडा ९२.३५ भाग हिशेबांत धरण्याचा नियम आहे. म्हणजे ४,४३२ डॉलर ८० सेंट झाले. निर्वाह-वेतनासाठीं ही वर्षाची रक्कम बारा महिन्यांत सारखी वांटतात, मग ती विक्री दिवाळीच्या दोन महिन्यांतच कां झालेली असेना. सणासुदींवर चालणाऱ्या धंद्यास हा नियम मोठाच उपकारक आहे. याप्रमाणें दरमहाची कमाई ३६९ डॉलर ४० सेंट ठरते.

त्यांतील पहिले २० डॉलर सर्वांस माफ आहेत, आणि श्रमाच्या कमाईचे आणखी ६५ डॉलर माफ आहेत. हे दोन्ही आंकडे १९७४ पासून आजपर्यंत जसेच्या तसे राहिले. महागाई कोठल्या कोठें गेली, परंतु माफी वाढली नाहीं, ही त्या कायद्यांतील मोठी उणीव म्हटली पाहिजे. ८५ डॉलर वजा जातां उरले २८४ डॉलर ४० सेंट. त्यांतील अर्धेच वेतनांतून कापावयाचे, म्हणजे १४२ डॉलर २० सेंट. २०२५ सालीं एकट्या माणसाचें निर्वाह-वेतन अधिकांत अधिक ९६७ डॉलर होतें. तेव्हां तिला मिळावयाचे ते ८२४ डॉलर ८० सेंट.

आतां तिच्या हातीं एकंदर काय पडतें तें पाहा. वेतनाचे ८२४ डॉलर ८० सेंट, आणि नफ्याचे दरमहा सरासरी ४०० डॉलर. स्वतंत्र धंद्यावर शेंकडा १५.३ प्रमाणें सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचा कर पडतो, तो दरमहा सुमारें ५६ डॉलर ५० सेंट होतो. तो भरूनहि सुमारें १,१६८ डॉलर उरतात. दुकान नसतें तर ९६७ च मिळाले असते. म्हणजे श्रमाचें फळ दरमहा दोनशे डॉलर. तें पुरेसें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. चारशे मिळवून दोनशेच पदरांत पडावे, हें कोणासहि टोंचेल. पण काम करून ती आधींपेक्षां गरीब झाली, असें मात्र घडत नाहीं.

२०२५ च्या दरानें केवळ श्रमाचीच कमाई असलेल्या माणसाचें निर्वाह-वेतन, हिशेबांत धरलेली कमाई दरमहा २,०१९ डॉलर झाल्यावर शून्यावर येतें. तेव्हां वडिलांना वाटली तशी एकदम कडेलोटाची गोष्ट येथें नाहीं. उतार आहे, आणि तो हळूहळू उतरत जातो.

मेडिकेडची भीति

वडिलांच्या मनांतील खरी धास्ती औषधोपचाराच्या सोयीची होती, आणि ती रास्तच होती. पूर्वीं असें होई कीं, अपंग मनुष्य कमावूं लागला कीं वेतन जाई आणि त्याबरोबर मेडिकेडहि जाई. त्यामुळें शहाणीं माणसें कामच करीत नसत. ही विसंगति ध्यानांत येऊन १९८६ च्या कायद्यानें कायमची तरतूद झाली. काम केल्यामुळें निर्वाह-वेतन शून्यावर आलें, तरी अपंगत्व कायम असेल, पुंजी मर्यादेंत असेल आणि औषधोपचारासाठीं मेडिकेडची गरज असेल, तर ती सोय चालूं राहते. कमाई किती झाल्यावर ती थांबावयाची, तो आंकडा प्रत्येक संस्थानाचा निराळा असून पुष्कळच मोठा आहे. चारशे डॉलर कमावणाऱ्या मुलीस त्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. तिचें तर वेतनहि पूर्णपणें थांबलेलें नाहीं.

धोका खरा कोठें आहे

मग या व्यवहारांत भय मुळींच नाहीं काय? आहे, पण तें वडिलांना वाटत होतें तेथें नाहीं.

पहिलें भय शिलकेचें. निर्वाह-वेतन घेणाऱ्या एकट्या माणसाजवळ २,००० डॉलरांहून, आणि पति-पत्नी दोघांजवळ मिळून ३,००० डॉलरांहून अधिक पुंजी असतां कामा नये. हे आंकडे १९८९ पासून हाललेले नाहींत. राहतें घर आणि एक मोटार यांत धरीत नाहींत. चालूं धंद्यांतील माल, हत्यारें आणि धंद्यासाठींच वापरलेला पैसाहि धरीत नाहींत. म्हणून मण्यांनीं भरलेलीं खोकीं पाहून घाबरूं नये. पण नफ्याचा पैसा घरखर्चाच्या खात्यांत मिसळून पडूं दिला, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस शिल्लक २,००० च्या वर गेली, तर त्या महिन्याचें सगळेंच वेतन जातें. येथें उतार नाहीं, कडाच आहे. म्हणून धंद्याचें खातें निराळें ठेवावें.

यावर एक चांगला उपाय २०१४ च्या कायद्यानें निघाला आहे. अपंग माणसाच्या नांवें एबल नांवाचें बचतीचें खातें उघडतां येतें, आणि त्यांतील १,००,००० डॉलरांपर्यंतची रक्कम निर्वाह-वेतनासाठीं पुंजी म्हणून धरीत नाहींत. अपंगत्व वयाच्या २६ व्या वर्षापूर्वीं आलेलें असलें पाहिजे, अशी अट होती. १ जानेवारी २०२६ पासून ही मर्यादा ४६ वर्षें झाली आहे. येथें आम्ही इकडील आजी-आजोबांना एक सूचना करतों. नातीच्या वाढदिवसास प्रेमानें पैसे पाठवावयाचे असतील, तर ते तिच्या हातीं देऊं नयेत. तसे दिलेले पैसे बिनश्रमाचें उत्पन्न ठरतात. त्यांत माफी फार थोडी आहे. तीच भेट दुसऱ्यानें परस्पर एबल खात्यांत भरली, तर ती तिचें उत्पन्न म्हणून धरीत नाहींत. पोरीचें कल्याण करण्याच्या भरांत तिचें वेतन कापवून घेण्यापेक्षां एवढी खबरदारी बरी.

दुसरें भय न कळविण्याचें. निर्वाह-वेतन घेणाऱ्यानें उत्पन्नांतील बदल, ज्या महिन्यांत तो झाला त्याच्या पुढील महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळविला पाहिजे. नवा धंदा करणाऱ्यानें वर्षाचा अंदाज द्यावा, आणि करपत्रक भरल्यावर खरा आंकडा द्यावा, म्हणजे कार्यालय फरक जुळवून घेतें. आमच्या पत्रलेखकांच्या घरीं हेंच राहून गेलें. तेव्हां बाराहि महिने पूर्ण वेतन घेतल्यामुळें दरमहा १४२ डॉलर २० सेंट याप्रमाणें १,७०६ डॉलर ४० सेंट तिजकडून सरकारचें येणें झालें आहे. ही गोष्ट आम्हीं पत्रलेखकांपासून लपविली नाहीं, आणि त्यांनींहि ती मुलीपासून लपवूं नये असें सांगितलें. याच्या उलट, पावत्या नसत्या आणि ९,६०० डॉलर हीच कमाई धरली गेली असती, तर येणें ४,००० डॉलरांच्या घरांत गेलें असतें. बिस्किटांच्या डब्याची किंमत यावरून समजावी.

अशा वेळीं गप्प बसणें हा सर्वांत वाईट मार्ग आहे. करखात्याकडील आंकडे सोशल सिक्युरिटीपर्यंत आज ना उद्यां पोंचतातच. आपण होऊन हिशेब घेऊन गेलें, तर येणें हप्त्याहप्त्यानें फेडतां येतें; चूक आपली नसेल आणि फेडण्याची ऐपत नसेल, तर सूट मागण्याचाहि अर्ज आहे. कार्यालयाचा आंकडाच चुकीचा वाटला, तर नोटीस मिळाल्यापासून साठ दिवसांत फेरविचार मागतां येतो. उशिरां कळविल्याबद्दल थोडासा दंड होऊं शकतो, पण जाणूनबुजून लपविल्याचा ठपका आला म्हणजे गोष्ट फार गंभीर होते.

घरांतील जुनी साडी, वापरलेलें कपाट किंवा जुनी पुस्तकें कोणीं इंटरनेटवर विकलीं, तर तो धंदा होत नाहीं, हेंहि येथेंच सांगून ठेवतों. तेथें वस्तूचा पैसा झाला एवढेंच; तें उत्पन्न नव्हे. मात्र तो पैसा महिना उलटून शिल्लक राहिला, तर पुंजींत धरला जातो.

विमा-वेतन घेणाऱ्यांसाठीं

आतां दुसऱ्या प्रकाराकडे वळूं, कारण आमच्या मध्यमवर्गांत तोच अधिक आढळतो. उदाहरणादाखल अशा एका गृहस्थांची कल्पना करूं, कीं ज्यांनीं वीस वर्षें इंजिनीयर म्हणून नोकरी केली, पक्षाघातानें काम सुटलें, आणि तीन-चार वर्षांपासून विमा-वेतन चालूं आहे. आतां पत्नीच्या मदतीनें ते महाराष्ट्रांतून पैठणी व इरकली साड्या मागवून इंटरनेटवर विकूं लागले.

यांना प्रथम नऊ महिन्यांचा चांचणीचा काळ मिळतो. हे नऊ महिने लागोपाठच आले पाहिजेत असें नाहीं. कोणत्याहि साठ महिन्यांच्या अवधींत मिळून नऊ मोजतात. या काळांत कमाई कितीहि झाली, तरी वेतन पूर्ण मिळतें. २०२५ सालीं ज्या महिन्यांत निव्वळ कमाई १,१६० डॉलरांच्या वर गेली, तो महिना चांचणीचा धरला जाई. परंतु स्वतंत्र धंदा करणारास आणखी एक कसोटी आहे, आणि ती पुष्कळांस ठाऊक नसते. महिन्यांत ८० तासांहून अधिक काम केलें, तर नफा एक डॉलर न होतांहि तो महिना चांचणींत जमा होतो. दुकानाचीं छायाचित्रें काढणें, पत्रांस उत्तरें देणें, पुडकीं बांधणें हें सगळें कामच आहे. म्हणून तासांची वही पैशाच्या वहीइतकीच महत्त्वाची समजावी.

नऊ महिने संपले म्हणजे दुसरी मर्यादा लागूं होते. २०२५ सालीं ती अपंगांस दरमहा १,६२० डॉलर आणि अंधांस २,७०० डॉलर होती. कमाई या मर्यादेच्या वर गेली, तर तो महिना आणि पुढील दोन महिने वेतन मिळून मग तें थांबतें. येथें अर्धें कापण्याचा हिशेब नाहीं. मर्यादेच्या आंत पूर्ण वेतन, बाहेर शून्य. तथापि चांचणीनंतरचे छत्तीस महिने पुनः सोयीचे आहेत. त्या अवधींत ज्या महिन्यांत कमाई मर्यादेखालीं येईल, त्या महिन्यास नवा अर्ज न करतां वेतन पुनः मिळूं शकतें. त्याहि पुढें, वेतन बंद झाल्यावर पांच वर्षांच्या आंत त्याच दुखण्यानें काम सुटलें, तर शीघ्र पुनःस्थापनेची विनंती करतां येते, आणि तिचा निर्णय होईपर्यंत सहा महिने तात्पुरतें वेतन मिळूं शकतें.

कमाई मोजण्याच्या रीतींतहि कांहीं वजावटी आहेत. समजा, आमच्या या गृहस्थांस महिन्यास निव्वळ नफा १,९०० डॉलर होतो. पत्नी विनामोबदला जें काम करते, तेंच काम भाडोत्री माणसाकडून करून घेतल्यास ५०० डॉलर पडले असते. कमाई मर्यादेच्या वर आहे कीं नाहीं हें ठरवितांना हे ५०० वजा करतां येतात, आणि मग आंकडा १,४०० होऊन मर्यादेच्या आंत येतो. दुखण्यामुळेंच कराव्या लागणाऱ्या, कामास आवश्यक अशा खर्चाचीहि वजावट मिळते. चांचणीचे महिने मोजतांना मात्र या वजावटी उपयोगी पडत नाहींत. आणि ज्यांस वेतन सुरू होऊन चोवीस महिने झालेले नाहींत, त्यांच्या बाबतींत केवळ नफा न पाहतां, धंदा चालविण्यांत त्यांच्या श्रमाचा वाटा किती, हेंहि पाहिलें जातें. पत्नी सारें करते आणि नांव पतीचें, किंवा पति सारें करतो आणि नांव पत्नीचें, असला देखावा कार्यालयाच्या नजरेंतून सुटत नाहीं. जें असेल तेंच लिहावें.

आणखी एका हक्काकडे आईबापांचें लक्ष वेधतों. ज्या अविवाहित मुलास अपंगत्व बावीस वर्षांच्या आंत आलें आहे, त्यास आईबापांपैकीं कोणी निवृत्त झाल्यावर किंवा वारल्यावर त्यांच्या कराच्या हक्कानें वेतन मिळतें. पालक हयात असतांना तें त्यांच्या मूळ रकमेच्या अर्ध्यापर्यंत, आणि पश्चात् पाऊण भागापर्यंत असूं शकतें. पत्रलेखकांच्या नातीचा पुढील आधार हाच आहे. मात्र मुलाची स्वतःची कमाई वर सांगितलेल्या मोठ्या मर्यादेपलीकडे गेली, तर हा हक्क धोक्यांत येतो. ज्या घरांत धंदा झपाट्यानें वाढत असेल, त्यांनीं ही गोष्ट आधींच जाणकारास विचारावी.

आपल्या इकडे

हें वाचून कोणी म्हणतील, हे सारे नियम परक्या देशाचे. आपणांस त्यांचा काय उपयोग? आपल्या महाराष्ट्रांत संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालीं, अंतुले मुख्यमंत्री असतांना, सुरू झाली, आणि अपंगांचाहि तिच्यांत समावेश आहे. तिचा लाभ वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादेवर ठरतो. अपंगांसाठीं ही मर्यादा ५०,००० रुपये ठेविली गेली. म्हणजे महिन्यास ४,१६६ रुपये झाले. तेथें अर्धें कापण्याची किंवा पहिली कांहीं कमाई माफ करण्याची व्यवस्था नाहीं. मर्यादेच्या आंत अनुदान, बाहेर गेलें कीं कांहीं नाहीं. आतां आपल्या इकडेहि अपंग मुलीं पापड, मसाले, क्रोशाचें काम व कंदील व्हॉट्सॲपवरून विकूं लागल्या आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें अशा व्यक्तींच्या उपजीविकेची जबाबदारी सरकारांवर टाकली आहे. तेव्हां कमाई वाढत जाईल तसतसें अनुदान हळूहळू कमी व्हावें, एकदम तुटूं नये, एवढा धडा अमेरिकेच्या निर्वाह-वेतनापासून घेण्यासारखा आहे. आणि पुंजीचा आंकडा सदतीस वर्षें गोठवून ठेवूं नये, हा धडा तिच्याच चुकीपासून घेण्यासारखा आहे.

वाचकांनीं आपल्या परदेशस्थ आप्तांस हें कळवितांना एवढें अवश्य सांगावें कीं, वर दिलेले बहुतेक दर दर वर्षीं जानेवारींत बदलतात. २०२६ सालीं निर्वाह-वेतन ९९४ डॉलर झालें आहे. म्हणून त्या त्या वर्षाचा आंकडा पाहून, आणि शक्य तर सोशल सिक्युरिटीच्या साहाय्यानें चालणाऱ्या मोफत सल्लागारांस विचारून मगच निर्णय करावा. हे सल्लागार जवळजवळ प्रत्येक संस्थानांत असतात.

आम्हीं पत्रलेखकांस सविस्तर उत्तर धाडलें. त्यावर त्यांचें दुसरें पत्र आलें, तें थोडक्यांत सांगून लेख संपवितों. मुलीनें डब्यांतील पावत्या महिनावार लावल्या, आईनें करपत्रक तयार करून घेतलें, आणि तिघेंहि कार्यालयांत जाऊन आलीं. येणें दरमहा थोडेंथोडें कापून घेण्याचें ठरलें आहे. मेडिकेड चालूं आहे. धंद्याचें निराळें खातें आणि एबल खातें, दोन्ही उघडलीं आहेत. करपत्रक भरल्यामुळें तिच्या स्वतःच्या नांवें सोशल सिक्युरिटीची पहिली जमाहि पडली. २०२५ सालीं कमाईच्या दर १,८१० डॉलरांस एक याप्रमाणें तिला दोन अंक मिळाले. एका वर्षांत अधिकांत अधिक चार मिळतात, आणि अशाच अंकांवर पुढें स्वतःच्या विमा-वेतनाचा हक्क उभा राहतो. तिच्या वडिलांनीं तो कागद पुनःपुनः वाचला, असें आजोबा लिहितात.

दुकान बंद झालेलें नाहीं. येत्या गौरींसाठीं ठुशी आणि मोहनमाळ मिळून चाळीस दागिन्यांची मागणी आतांपासून नोंदली गेली असून, जरीचा दोरा इकडून पाठविण्याबद्दल नातीनें आजोबांस लिहिलें आहे. “दोऱ्याची पावती बरोबर पाठवा,” असें तिनें पत्रांत दोनदां बजावलें आहे.